वकिलातीची तारीख

८ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. रोज सकाळी रक्तदाब मोजा आणि लिहा म्हणाल्या. दाब रोज वरच असतो. तेच ते काय लिहायचं? वही वाया जायला नको म्हणून बाकीचं लिहिते. चार यत्ता झाल्या आहेत, तेवढ्यात भागतं.

आज रेगिनाचा फोन आला. रेगिना म्हणजे माझी मुलगी. सीमेपलीकडे पोलंडात, बियावीस्तोकला असते, इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी तिला मूल झालं, लेओन. तिची बाळंतपणाची रजा ईस्टरनंतर संपते. नवरा चेस्लाव मालट्रक घेऊन स्पेनला जातो, येईल तेव्हा घरी. पाळणाघरात जागा नाही. मग पोराला बघणार कोण?

मी तिला सरळ सांगितलं, मी येते आणि त्याला इकडे ह्रोदनाला घेऊन येते. शाळेत जायच्या वयाचा झाला की ने परत. आमच्या जिन्यावरच्या घरांतल्या अर्ध्या पोरांना आज्यांनीच वाढवलंय, आया पलीकडे कमावतात.

रेगिना म्हणाली, "बघू. आधी तुला व्हिसा तर मिळू दे."

बघू म्हणे! आमंत्रणाचा कागद मात्र तिनं धाडला. न धाडून सांगते कुणाला? मला तोंडावर नाही म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय.

व्हिसाची चिंता नाही. युझिक घरातच आहे. हा माझा धाकटा. बायको सोडून गेली तेव्हापासून माझ्याकडेच असतो. कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम आतल्या खोलीत बसून करतो. पोलंडच्या वकिलातीत व्हिसासाठी आधी तारीख धरावी लागते आणि तारखा उघडल्या की डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतात. युझिकनं त्यावर नजर ठेवायला प्रोग्राम केलाय. कुठल्यातरी देशात भाड्यानं घेतलेल्या यंत्रावर तो चालतो, माणसासारखा झोपत नाही, सारखा विचारत राहतो, तारीख आहे का, तारीख आहे का. जिन्यातल्या कितीतरी जणांना त्यानं मिळवून दिल्या.

आईला नाही देणार?

११ फेब्रुवारी

आनेल्याला तारीख मिळाली. आनेल्या समोरच्या दारात राहते, माझ्याच वयाची. ती पलीकडे कशाला जाते? सॉसेज आणि कपड्यांची पावडर आणायला. तिला मिळाली. मला नाही.

युझिकला विचारलं. त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचे कान असे आहेत.

"कुकीचा घोटाळा झाला, आई."

"कसली कुकी? बिस्कीट खात काम करतोस की काय?"

"तसली नाही गं. वकिलातीचं पान उघडलं की त्यांचा सर्व्हर आपल्याला एक खूण देतो. तिला कुकी म्हणतात. पुढच्या पानावर गेलं की ती दाखवायची, म्हणजे त्याला कळतं की हे मघाचंच माणूस. ब्राउझर ते न सांगता करतो. माझा प्रोग्राम ब्राउझर नाही. तो दुरून नुसता विचारतो. त्याला शिकवावं लागतं, बाबा रे, दिलेलं खिशात ठेव, पुढच्या खेपेला दाखव. तुझ्या वेळी ती खूण हरवली."

"मग आनेल्याच्या वेळी कशी नाही हरवली?"

"नशीब."

हे मला पटलं. मी एकतीस वर्षं दवाखान्याच्या गार्डरोबमध्ये कोट टांगले. कोट घ्यायचा, पत्र्याचा नंबर द्यायचा. नंबर आणला तर कोट, नाहीतर नाही. एकदा आमच्याच जिन्यातल्या नळवाल्यानं नंबर हरवला. जानेवारी महिना होता. मी त्याला ओळखत होते, त्याचा कोट ओळखत होते, कोट माझ्या नाकासमोर टांगलेला होता. शेवटचा माणूस आपला कोट घेऊन जाईपर्यंत मी त्याला सदऱ्यावर उभा ठेवला. म्हणाला, "यादविगाबाई, मी तुमचा नळ दुरुस्त केलाय हो!" म्हटलं, नळाचा नंबर नाही चालत इथे. नंतर त्याला फुप्फुसाचं काहीतरी झालं असं ऐकलं. पण नंबर पुन्हा हरवला नाही त्यानं.

म्हणून युझिकला म्हटलं, चूक वकिलातीची नाही, तुझ्या प्रोग्रामचीच आहे. खिसा शिवून घे त्याचा.

१९ फेब्रुवारी

आज दुसरीच गोष्ट. आता खिसा शिवला, पण दारं फिरवतात.

"एक पान सांगतं, मी इथे नाही, तिकडे जा," युझिक म्हणाला. "ह्याला रिडायरेक्ट म्हणतात. तिकडे गेलं की ते म्हणतं, आधी भाषा निवड, तिकडे जा. तिथून परत पहिल्याकडे. वाटेतला एखादा दरवाजा नवी खूण देतो. प्रोग्राम भराभर पळताना ती उचलायला विसरला की पहिला दरवाजा त्याला परत हाकलतो. मग नुसतं गोल गोल. शेवटी प्रोग्राम दमतो आणि म्हणतो, फार झाली दारं."

"आणि ते इतरांना नाही होत? तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरणीला कालच मिळाली."

"तिच्या वेळी मी वाट हातानं आखून दिली होती."

"मग माझ्या वेळी हात काय झोपले होते?"

बशीतला आंबवलेला कोबी काट्यानं इकडून तिकडे करत राहिला. नाचता येईना अंगण वाकडं. बापही असाच होता, दारूच्या बाटलीला नेहमी दुसऱ्याचंच नाव सांगायचा.

२० फेब्रुवारी

तारीख नाही.

२४ फेब्रुवारी

तारीख नाही. दाब वर.

३ मार्च

माळ्यावरून रेगिनाचा पाळणा काढला. एक दांडी मोडली होती, ती युझिककडून ठोकून घेतली. ठोकताना त्यानं बोटावर हातोडा मारून घेतला. म्हटलं, रडायचं असेल तर पाळण्यात बस.

आनेल्या बघायला आली. म्हणाली, "यादविगे, ह्या वयात सात महिन्यांचं पोर झेपेल का गं?"

म्हटलं, पोर झेपवायचं नसतं, त्याला झेपायला लावायचं असतं. रेगिनाला काय मी मांडीवर घेऊन बसले होते? रडली तर रडू दिली. तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी कळलं तिला, कुणी येत नाही. मग शांत. मोठी झाल्यावर उलटून बोलली की वाळके वाटाणे जमिनीवर पसरायचे आणि त्यावर गुडघे टेकून उभं करायचं, मी भांडी घासून संपेपर्यंत. कधी कधी मी भांडी दुसऱ्यांदा घासायचे. तिचा आवाज म्हणून निघायचा नाही. युझिक मात्र आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा, जसं काही वाटाणे त्यालाच टोचतायत.

आनेल्या म्हणाली, "आताची पोरं वेगळी आहेत."

गुडघे तेच आहेत, मी म्हटलं.

ती चहा न पिताच गेली. आताशा तिचं पोट बिघडलेलं असतं.

१२ मार्च

नवं भूत. ह्याचं नाव जावास्क्रिप्ट.

ह्या वेळी मी युझिकच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, दाखव मला. त्यानं वकिलातीचं पान दोनदा उघडलं. एकदा त्याच्या ब्राउझरमधून. तिथे सगळं होतं, गरुडाचं चिन्ह, महिने, वार. मग प्रोग्रामला जे मिळालं ते दाखवलं. त्यात काही नाही. वर एक ओळ, "कृपया थांबा," आणि खाली मुंग्यांसारखी अक्षरं.

"हे बघ," तो म्हणाला. "त्यांनी पान बदललंय. आधी तयार ताट यायचं. आता रिकामं ताट येतं आणि सोबत हुकूम, भाजी कशी करायची त्याचा. तो हुकूम म्हणजे जावास्क्रिप्ट. ब्राउझरला हात आहेत, तो स्वयंपाक करतो, तुला ताट भरलेलं दिसतं. माझ्या प्रोग्रामला हात नाहीत. त्याला रिकामं ताटच दिसतं. म्हणून तो सांगतो, तारीख नाही."

"मग त्याला हात बसव."

"बसवता येतात. बिनचेहऱ्याचा ब्राउझर आख्खा तिकडे चालवायचा, किंवा जावास्क्रिप्ट मागच्या दारानं जिथे तारखा विचारायला जातं तिथेच थेट जाऊन विचारायचं. दोन्हीला वेळ लागतो, आई."

"किती वेळ?"

"ईस्टर तरी होईल."

"ईस्टरनंतर रेगिना कामावर जाते!"

"मी काय करू?" म्हणाला आणि माझ्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत बसला. खिडकीतून आमच्याकडे दुसऱ्या इमारतीची भिंत दिसते.

भाड्याच्या यंत्राला हात नाहीत. घरच्या पोरालाही नाहीत. दोघांना वीज मात्र लागते.

१३ मार्च

रेगिनाला फोन केला. म्हटलं, तुझ्या भावाच्यानं काही होत नाही. म्हणाली, "त्याला रागावू नकोस, आई. तो प्रयत्न करतोय." आवाज अगदी गोड. लहानपणी बरणी फोडून लपवली की असाच गोड व्हायचा.

मागे पोर रडत होतं. तिनं लगेच फोन ठेवला. उचललं असणार. बिघडवतेय त्याला. आला की पहिला आठवडा माझा त्यातच जाणार.

२१ मार्च

आज आनेल्याकडे बसले होते. तिच्या नातीनं तिला मोठा फोन दिलाय. मी युझिकचं जावास्क्रिप्ट सांगितलं. ती हसायलाच लागली.

"अगं, पण फोनमध्ये ब्राउझर असतो! तुला प्रोग्राम कशाला हवाय? आपणच बघू की. मी रोज बघते."

बघत बसलो. पहिल्यांदा काही नाही. मग तिनं डाळिंबाचं सरबत केलं, परत बघितलं, आणि एक तारीख होती! ईस्टरच्या आधीची! माझं नाव, पासपोर्ट सगळं तिनं भरलं. शेवटी ईमेलचा पत्ता विचारला. मला कुठला पत्ता? युझिकचा दिला.

आनेल्यानं मला सगळं नीट दाखवलं. वकिलातीकडून एक पत्र येतं. त्यात दोन बटणं असतात. हिरवं दाबलं की तारीख पक्की. राखाडी दाबलं की रद्द. तिला स्वतःची एक तारीख रद्द करायचीच होती, पुढच्या आठवड्यात तिचे दात काढणार आहेत, म्हणून माझ्यासमोरच राखाडी दाबलं. पान इकडून तिकडे उड्या मारत गेलं, मग थांबलं. म्हणाली, "पण जपून हं. एकदा रद्द केली की त्या नावावर महिनाभर नवी देत नाहीत." नको असलेली पत्रं कचऱ्याच्या डब्यात कशी टाकायची तेही दाखवलं. फोनमध्येही कचऱ्याचा डबा असतो. माणूस जाईल तिथे घाण करतो.

घरी येऊन युझिकला सांगितलं, पत्र आलंय, हिरवं बटण दाब.

पटकन उठला. खोलीत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला.

"काही आलं नाही, आई. बहुतेक अर्धवट राहिलं. मधल्या पानावर कुकी गेली असेल."

"आनेल्याचं पत्र तर सरबत प्यायच्या आत आलं होतं."

"तिचा फोन वेगळा."

कान लाल.

२२ मार्च

आनेल्याकडे परत गेले. फोन म्हणतो, ह्या नावावर सध्या तारीख मिळणार नाही. आनेल्या बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यादविगे, तू जाऊच नकोस ना. कशाला जातेस?"

तिला वाटतं मी गेले की तिला पत्ते खेळायला कोणी उरणार नाही.

२८ मार्च

आज दुपारी मी स्वयंपाकघरात धिरड्यांसाठी बटाटे किसत होते. युझिक खोलीत दार लावून रेगिनाशी बोलत होता. तो नेहमी कानाला यंत्र लावून बोलतो. आज त्याची वायर खोचायला विसरला असावा. रेगिनाचा आवाज भिंतीतून असा आला, जसं काही ती माझ्या पाठीशी उभी आहे. आमच्या घरांच्या भिंती कागदाच्या.

"तिला काय सांगितलंस ह्या वेळी?"

"जावास्क्रिप्ट."

ती हसली. "खरंच असतं का तसं काही?"

"असतं गं. सगळं खरंय. फक्त मी ते केव्हाच सोडवलंय."

"आणि आनेल्याकाकूनं फोनवर धरली होती ती?"

"रद्द केली. आता महिनाभर तिच्या नावावर मिळत नाही."

मी किसणी हातात धरून उभी.

"युझिक, ती इथे यायला नको. दारात उभी राहिली ना, तर मी देऊन टाकीन लेओनला. मला ठाऊक आहे मी देऊन टाकीन. एवढी मोठी झाले, फोनवर तिचा आवाज आला की माझे गुडघे दुखायला लागतात. खरंच दुखतात रे."

"माहीत आहे मला."

"तू कधी येतोस?"

"मंगळवारची तारीख आहे माझी. व्हिसा हातात पडला की निघतो. माझं काम तिथूनही होतं. लेओन झोपला की मी कामाला बसेन."

"तो झोपत नाही फारसा."

"मग मांडीवर घेऊन बसेन."

"आईला काय सांगशील?"

"गेल्यावर फोन करीन."

असं आहे तर.

गुडघ्यांचं काय मधेच आणलं तिनं, कळलं नाही. माझेही दुखतात. मी कुणाला सांगत बसते का? मला वाटतं खरं कारण चेस्लावच्या घरचे आहेत. त्यांच्यापुढे तिला माझी लाज वाटते, कोट टांगणारी बाई म्हणून. नाहीतर सख्ख्या आईला कोण असं टाळतं? मी तिला उपाशी ठेवलं नाही, रस्त्यावर टाकलं नाही, सरळ वळणाची केली.

आणि हा. हा न सांगता जाणार होता. पंचाहत्तरीच्या बाईला भिंतीसमोरच्या खिडकीत सोडून.

धिरडी केली. वर दाट साय घातली. युझिकनं पोटभर खाल्ली आणि माझ्या हाताचा मुका घेतला. असलं कधी करत नाही तो. मी म्हटलं, हात तेलकट आहे, तोंड पूस.

३० मार्च

शनिवार. युझिक हमामखान्यात गेला, वाफेत अंगावर मारतात ती बर्चच्या डहाळ्यांची जुडी काखेत घेऊन. शनिवारी तो तिथे मित्रांबरोबर वाफेत बसतो, लवकर येत नाही. कॉम्प्युटर तो कधी बंद करत नाही.

मी त्याच्या खुर्चीत बसले. पत्रं समोरच होती. वकिलातीचं पत्र पोलिश भाषेत, आणि पोलिश मी प्रार्थनापुस्तकातून वाचायला शिकले, रशियनपेक्षा बरी वाचते. त्याचं नाव. मंगळवार. खाली दोन बटणं.

मी काही घाई केली नाही. आधी चष्मा पुसला.

राखाडी दाबलं. पान उडालं दुसऱ्या दाराला, तिथून तिसऱ्या. मग "कृपया थांबा" आलं आणि एक चाक फिरत राहिलं. मी थांबले. मला थांबता येतं. मग चित्रं आली, ज्या ज्या चित्रात पायऱ्या दिसतात ती निवडा. निवडली. मग एक चौकोन आला, आपण मनुष्य असल्याची खात्री द्या.

खूण केली. त्याला पटलं.

"आपल्या विनंतीवरून तारीख रद्द करण्यात आली आहे." त्याचं पत्र टिंग करून आलं. ते डब्यात टाकलं. पडदा होता तसा ठेवला, खुर्ची होती तशी.

तो लालबुंद होऊन घरी आला, वाफेचा वास घेऊन. मी बिटाचं सार गरम केलं.

२ एप्रिल

सकाळी युझिक नवा सदरा घालून निघाला. कुठे म्हटलं तर म्हणाला, कंपनीचं काम आहे. दुपारच्या आत परत. वकिलातीच्या फाटकावरच्या यादीत त्याचं नाव नसणार.

सरळ खोलीत गेला. मी दाराशी उभी राहिले. तो पत्रं वरखाली करत होता. मग डबा उघडला. मग खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू केलंस हे?"

"काय रे?"

"आई, माझी तारीख तू रद्द केलीस?"

"मला काय कळतंय त्यातलं? कुकी हरवली असेल. नाहीतर ते तुझं दारं फिरवणारं. नाहीतर जावास्क्रिप्ट."

कान लाल झाले नाहीत. पांढरे झाले. असे मी पहिल्यांदा बघितले.

मला वाटलं ओरडेल. बापाला निदान ओरडता तरी यायचं. हा नुसता हात मांडीवर ठेवून बसला.

"महिनाभर मिळणार नाही मला आता," म्हणाला. "ईस्टर झाला की ती कामावर जाणार. नाही गेली तर जागा जाईल."

"मग आधीच मला सांगायचं होतं ना. मी केव्हाच जाऊन आणलं असतं पोराला."

३ एप्रिल

संध्याकाळी दोघांचं भांडण झालं फोनवर. ह्या वेळी कुणी दार लावलं नाही, वायर खोचली नाही.

"आईनं केलं," तो म्हणाला.

"आईनं?" रेगिना किंचाळली. "तिला टीव्हीचं बटण सापडत नाही, युझिक! नवा टीव्ही आणला तेव्हा ती आठवडाभर रिमोटशी बोलत होती! खोटं तरी धड बोल. भीती वाटली म्हण. नोकरी जाईल म्हण. आईला सोडवत नाही म्हण. पण तिच्यावर ढकलू नकोस."

"शपथ घेतो, रेगिना."

"'आपल्या विनंतीवरून' असं तूच मला आत्ता वाचून दाखवलंस ना? मग कुणाची विनंती?"

मी फोन मागितला. त्यानं दिला. त्याला कधी नाही म्हणता येत नाही हे एक बरं आहे.

म्हटलं, "रेगिने, त्याला बोलू नकोस. तो असाच आहे. तू वाटाण्यांवर असायचीस तेव्हाही हा दार लावून आत बसायचा. आठवतं ना?"

पलीकडून पोराची कुरकुर.

मग फोन ठेवल्याचा आवाज.

युझिक भिंतीला टेकून खाली बसला होता. म्हटलं, ऊठ, फरशी गार आहे.

७ एप्रिल

रेगिना त्याचा फोन उचलत नाही. माझा उचलते.

११ एप्रिल

तिनं एका म्हातारीला ठेवून बघितलं. म्हातारी दोन दिवस आली आणि पोराच्या दुधाची पावडर घेऊन गेली. चेस्लाव बार्सिलोनाच्या रस्त्यावर आहे. रेगिना रडत होती. म्हटलं, रडून पोर मोठं होत नाही.

मग म्हटलं, तुला व्हिसा लागत नाही इकडे यायला. पासपोर्ट आपलाच आहे तुझा. तूच आण त्याला.

मला इतके दिवस हे सुचलं कसं नाही? वकिलातीची तारीख मला कधी लागतच नव्हती.

२१ एप्रिल

ईस्टर. आनेल्या देवळात दिसली. दात काढल्यानं तोंड आत गेलंय. मला बघून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिला म्हटलं, लेओन येतोय. म्हणाली, "ऐकलं." मग डोळे मिटून प्रार्थना करत बसली. आपल्या दातांसाठी करत असेल.

२७ एप्रिल

आले. रेगिना सकाळच्या बसनं आली, पोर छातीशी बांधलेलं. वाळली आहे. दारात उभी राहून जोडे काढायलाच तयार नाही. म्हटलं, आत ये, थंडी आत येतेय.

पोर धष्टपुष्ट आहे. सारखं आईच्या कानातलं ओढतं. मी हात पुढे केले तर तोंड फिरवलं. मी हात पुढेच ठेवले. शेवटी तिनं सोडलं.

युझिक खोलीतून बाहेर आला. रेगिनानं त्याच्याकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "रेगिना," आणि स्वतः ठोकलेली पाळण्याची दांडी हलवून बघितली.

तिनं बाळाच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. कुठलं गाणं म्हटलं की झोपतो, कुठल्या कुशीवर, रात्री उठतो तेव्हा पाठीवरून हात कसा फिरवायचा. मी मान हलवत होते. ती म्हणाली, "आई, लिहून ठेव ना." म्हटलं, सगळं डोक्यात आहे, दोन मुलं वाढवली आहेत मी. जा, बस चुकेल.

जाताना जिन्यात दोनदा थांबली. पावलं ऐकू येत होती. तिसऱ्यांदा थांबली नाही.

आता संध्याकाळ झाली. मी पाळणा आतल्या खोलीत ठेवला आणि दार लावून घेतलं. इथे स्वयंपाकघरात बसून लिहितेय. दाब मोजला, आज बराच खाली आहे.

युझिक दाराशी उभा आहे. बराच वेळ झाला. कडीवर हात ठेवलाय, पण उघडत नाही.

"आई, तो रडतोय."

मला ऐकू येतंय.